गुणाबाईच्या परसातल्या बॅटऱ्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. पण पनवेलमध्ये माझ्याहून तिखट एक बाई होती आणि मी नेमकी तिच्याच घरात भाडेकरू म्हणून जाऊन पडले. गुणाबाई तिचं नाव. तिच्यामुळे माझी पीएचडी झाली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे ती मला फैलावर घेताना दिसली तर कोणाचा गैरसमज नको.

अठ्ठ्याऐंशी साली माझ्या नवऱ्याची, चारुदत्तची, बँकेने पुण्याहून पनवेलला बदली केली. मलाही तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. खोली शोधत शोधत आम्ही गावाच्या खाडीकडच्या टोकाला पोचलो. तिथे एका ओट्यावर ही बाई सुकट निवडत बसलेली. नाकात मोठी नथनी, कपाळावर आडवं कुंकू, आणि तोंडात मशेरी असल्यामुळे बोलणं अर्ध्या तोंडाने. तिने आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मासली खाता?"

"खात नाही," चारुदत्त म्हणाला, "पण वासाला आमची काही हरकत नाही."

"हरकत नाय?" ती म्हणाली. "घर कोनाचं हाय? तुमच्या वरनाच्या वासाला माजी हरकत हाय का, ते इचारा."

चारुदत्तचा चेहरा पाहण्यासारखा झाला आणि मला हसू फुटलं. मी हसले म्हणूनच तिने वरच्या दोन खोल्या दिल्या असं ती पुढे सांगायची. "ह्यो तुजा नवरा पाहून नसत्या दिल्या," असंही सांगायची, त्याच्या देखतच.

गुणाबाई मूळची उरण रस्त्यावरच्या गव्हाणची. वडील मिठागरात राबायचे आणि ही चालायला लागली तशी त्यांच्यामागे. मिठाच्या पाट्या डोक्यावर आणि पाय खाऱ्या पाण्यात. तिच्या टाचांना पडलेल्या भेगा शेवटपर्यंत भरल्या नाहीत. लग्न होऊन पनवेलला आली तर इथे सासरा, भातशेती आणि काशीराम. काशीराम म्हणजे तिचा नवरा, देवमाणूस. नव्या शहरासाठी त्यांची खाचरं सरकारने घेतली आणि तेव्हापासून तो ओट्यावर बसला तो बसलाच. घर चाललं ते गुणाबाईच्या सुकटीवर आणि तोंडावर. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरायचे. थोरली मुलगी मालू, ती उरणजवळच्या मोऱ्याला, बंदराच्या धक्क्याजवळ दिलेली. धाकटा निकेश एका गॅरेजात कामाला. एवढा संसार.

आता माझ्या पीएचडीच्या कामाबद्दल सांगायला हवं, कंटाळा करू नका, फार नाही. पुन्हा पुन्हा भरता येते ती बॅटरी, मोटारीत असते तशी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असते तशी. ती किती दिवस टिकेल हे तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. कोणी चांगली बॅटरी भंगारात घालायचं, तर कोणाची ऐन वेळी दगा द्यायची. मला संगणकात एक बॅटरी बनवायची होती, नुसत्या आकड्यांची. खऱ्या बॅटरीला जे जे करू ते ते तिलाही करायचं, आणि खरी केव्हा थकेल ते तिने आधीच सांगायचं. मी हे गुणाबाईला एकदा तासभर समजावलं. ती ऐकत होती आणि बोंबील उलटेपालटे करत होती.

"म्हंजे तू बाटरीची पत्रिका मांडतेस," ती म्हणाली. "कदी मरनार ते."

"पत्रिका नाही हो मावशी. हे शास्त्र आहे."

"भटजी पन तेच बोलतो."

कप्पाळ! पण खरं सांगायचं तर पुढे कोणी विचारलं की मी स्वतःच 'बॅटरीची पत्रिका' म्हणून मोकळी व्हायला लागले. लोकांना चटकन कळायचं.

संगणक होता मुंबईला, माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत. शनिवारी जाऊन मी आकडे घालायचे. पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही, पत्रिका खरी ठरते की नाही हे बघायला खऱ्या बॅटऱ्या लागतात. त्या महिनोन् महिने भरायच्या, रिकाम्या करायच्या, परत भरायच्या, एकही दिवस खंड न पाडता. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद व्हायची आणि सुट्टी लागली की शिपाई मेन स्विच पाडूनच घरी जायचा. मुंबईलाही तीच तऱ्हा. मी डोकं धरून बसले होते. तेव्हा गुणाबाई म्हणाली, "परसात खोली हाय ना. फावडी नि कोयते सोडून काय हाय तिकडं?"

आणि खरंच तिने ती खोली मला देऊन टाकली. अवजारं एका भिंतीला सारली, भाताची कणगी उचलून स्वतःच्या स्वयंपाकघरात नेली. मी मांडणी केली. सहा बॅटऱ्या, चार्जर, त्या रिकाम्या करायला मोटारीचे दिवे, आणि कागदाच्या गुंडाळीवर शाईने रेघ ओढत जाणारं एक यंत्र, जे सरांनी कोणाकोणाच्या हातापाया पडून मिळवलं होतं. बॅटरीचा जोर कसकसा उतरतो ते त्या रेघेवरून दिसायचं. मी कॉलेजात असताना लाइट गेली आणि आली तर दोन बटणं दाबायची असत. ते काम गुणाबाईने घेतलं. बाजारात बसली असली आणि दुकानांतले पंखे थांबलेले दिसले की टोपली शेजारणीच्या हवाली करून ही बाई घरी धावायची. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. या एका गोष्टीसाठीच मी तिची जन्माची ऋणी आहे, पुढचं तर सोडाच.

पण काम काही जमेना. पहिले काही आठवडे संगणकातली बॅटरी आणि परसातली बॅटरी हातात हात घालून चालायच्या. मग परसातली मागे पडायची. संगणक सांगायचा त्याच्या आधीच ती दम टाकायची. मी झिजेचा आकडा वाढवला तर शेवट जुळायचा आणि सुरुवात बिघडायची. सुरुवात दुरुस्त करावी तर शेवट बोंबलायचा. एक करायला जावं तर दुसरं. त्यात सर म्हणायचे, जुळत नाही तोवर प्रबंध लिहायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं, पण ऐकताना अंगाचा तिळपापड व्हायचा.

असं करता करता चौऱ्याण्णव उजाडलं. विद्यापीठाने मला शेवटची मुदतवाढ दिली, पुढच्या मे महिन्याअखेरपर्यंत. त्यानंतर नाव कमी. पाच वर्षं केलेलं सगळं पाण्यात. माझ्याबरोबर पीएचडीला नाव घातलेल्या दोघी आधीच सोडून गेल्या होत्या. एकीला मूल झालं, एकीची बदली झाली. कोणी विचारलं की लोक मान हलवायचे, बायकांचं असंच असतं. माझाही शार्दूल तेव्हा लहान होता. सासूबाई म्हणायच्या, नोकरी आहे ना चांगली, मग हा अट्टहास कशाला? कशाला ते मला धड सांगता यायचं नाही. मला ते अर्धवट सोडायचं नव्हतं, एवढंच. मला त्या दोघींसारखं व्हायचं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही पुण्याला सासरी गेलो. दोन-चार दिवसांचा प्रश्न होता, बटणं दाबायला गुणाबाई होतीच. दसऱ्याच्या संध्याकाळी परत आलो. चपला काढायच्या आधी मी परसात गेले, सवयच ती. दार उघडलं तर सगळं चिडीचूप. दिवे बंद, चार्जर बंद, कागदावरची रेघ मध्येच तुटलेली. आणि जमिनीवर पाट मांडून ओळीने कोयता, विळा, मिठागरातली फावडी, निकेशचे पाने, आणि त्यांच्या शेजारी माझ्या सहाच्या सहा बॅटऱ्या. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीला झेंडूची माळ. समोर नारळ.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"मावशी, हे कोणी बंद केलं?"

"मी केलं. कोन करनार?"

"का?"

"खंडेनवमी व्हती ना काल. अवजारं पुजंला बसली. पुजंला बसलेल्याकडनं कोन काम घेतो गो? पाप लागतं. आमचा बैल व्हता तवा पोल्याला त्याला पन जुंपत नसू."

"ती अवजारं नाहीत. तो माझा प्रयोग आहे. किती महिन्यांचा प्रयोग होता तो, कल्पना आहे?"

"तुजं पोट त्यावर हाय ना? मंग अवजारच झालं." तिने कमरेवर हात ठेवले. "नि आवाज चढवू नकोस. माजे घरात माजे देवाला इचारून करते मी, भाडेकरूला नाय."

मग आमचं असं काही वाजलं की अख्खी आळी दारात आली. मी तिला अडाणी म्हटलं आणि तिने मला शिकलेली टवळी म्हटलं. चारुदत्त सोनं वाटायला आपट्याची पानं हातात घेऊन उभा होता. त्याने ती गुपचूप देव्हाऱ्यात ठेवली, शार्दूलला कडेवर घेतलं आणि बाहेर फिरायला गेला. काशीराम त्याच्याआधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळं आवरायला बसले. संपलं म्हणून. माळा काढल्या, कुंकू पुसलं. बॅटऱ्या सरांना परत द्यायच्या तर निदान त्यांची शेवटची नोंद असू दे, म्हणून एकदा रात्रभर भरल्या आणि सकाळी रिकाम्या करायला लावल्या. माझा कॉलेजला जायचा वेळ झाला तरी दिवे जळतच होते. नेहमीच्या वेळेला विझायला हवे होते, ते विझेनात. मला वाटलं जोडणी चुकली. तारा तपासल्या, दुसरी बॅटरी लावून पाहिली. तीही तशीच. सहाही तशाच. थकलेल्या बॅटऱ्या आदल्या आठवड्यापेक्षा कितीतरी जास्त चालल्या होत्या, जवळजवळ संगणक सांगत होता तेवढ्या.

मी परसातल्या त्या जमिनीवर फतकल मारून बसले. बॅटरीच्या पत्र्यांमध्ये आम्ल मुरलेलं असतं. बॅटरी चालते तसं ते आतल्या आत संपत जातं आणि बाहेरून नवीन आत झिरपावं लागतं. त्या झिरपण्याला वेळ लागतो हे पुस्तकात असतंच. पण आपल्या प्रयोगात तो वेळ एवढुसा, सोडून द्यायला हरकत नाही, असं मी धरून चालले होते. आणि मी त्यांना भरत होते, रिकामं करत होते, भरत होते, रिकामं करत होते. आम्लाला मुरायला उसंतच नव्हती. जी मी झीज समजत होते ती अर्धीअधिक झीज नव्हतीच. बॅटऱ्या झिजल्या नव्हत्या, दमल्या होत्या. आणि त्यांना विसावा माझ्या कुठल्या हुशारीने मिळाला नव्हता, पूजेला बसल्या म्हणून मिळाला होता.

मी तशीच गुणाबाईसमोर जाऊन उभी राहिले. आमचं बोलणं बंद होतं, त्यामुळे ती बोंबलाशीच बोलत होती.

"मावशी, तुमच्या खंडेनवमीने माझं काम झालं."

तिने वर पाहिलं. मी खरं बोलतेय की टोमणा मारतेय याचा अंदाज घेतला.

"मंग?" ती म्हणाली. "देवाचं केलेलं कदी फुकट जातं का?"

त्यानंतर पंधरा दिवस तिच्याशी बोलायची सोय नव्हती. अख्ख्या बाजारात सांगत सुटली की मास्तरणीची विद्या माझ्या झेंडूने फळली. मी एका शब्दाने आडवं गेले नाही. म्हणू दे, म्हटलं. तिचा हक्कच होता.

सरांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागद खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "एकदा झालं तो योगायोग. नव्या बॅटऱ्या घे, पुन्हा तेवढ्याच दमव, मुद्दाम तेवढाच विसावा दे. पुन्हा हेच दिसलं तर लिहायला बस." दिवाळी झाली की सुरू केलं तर फेब्रुवारीत उत्तर मिळणार होतं. मग लिहून, टाइप करून, बांधून मे महिना गाठता आला असता. श्वास घ्यायला मध्ये जागा नव्हती, पण गाठता आला असता.

आणि जानेवारीत निकेशचं लग्न ठरलं. मुलगी हेतल, दोन गावं पलीकडची, चांगली बोलकी पोरगी. गुणाबाईच्या पायांना जमीन लागेना. भटजींनी फेब्रुवारीतला मुहूर्त काढला. मी हिशोब मांडला. बॅटऱ्यांचा विसावा संपून शेवटची रेघ सुरू व्हायची ती बरोबर हळदीच्या दिवशी.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. तर ऐका. आगरी माणसाची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. मांडवात दिव्यांचा लखलखाट, वाड्याएवढे स्पीकर, बेंजो, आणि पुढच्या गावापर्यंत आवाज. ज्याचा आवाज मोठा त्याची हळद मोठी. आणि हे सगळं चालणार घराच्याच लाइनवर. आमच्या आळीची लाइन आधीच मरतुकडी. शेजारी गिरणी लागली तरी आमचा बल्ब डोळे मिचकावायचा. तो स्पीकर लागला असता तर रेघ ओढणारं यंत्र वेडंवाकडं नाचलं असतं. थांबवून चार दिवसांनी करावं म्हटलं तर थांबवणं म्हणजेच विसावा, आणि विसावाच तर मोजायचा होता. जनरेटरसाठी चारुदत्त पनवेलभर फिरला. लग्नसराई होती, सगळे आधीच गेलेले.

मग मी मनाची तयारी केली आणि गुणाबाईला जाऊन सांगितलं. म्हटलं, "मावशी, मी प्रयोग बंद करते. निकेशची हळद आहे, एकुलता एक मुलगा तुमचा."

ती तांदूळ पाखडत होती. "बंद केलंस तं काय होल?"

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"नि ती मुदत?"

"संपेल."

"मंग?"

"मग काही नाही. नाही झाली तर नाही झाली. आपण काय उपाशी मरत नाही."

ती पाखडत राहिली. मी वर येऊन उशीत तोंड खुपसलं. मी मनापासूनच बोलले होते, पण मनापासून बोललं म्हणजे दुखत नाही असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी मांडववाला स्पीकर टेम्पोत घालून आला, आणि गुणाबाईने त्याला दारातूनच परत पाठवलं. बाजारातून ग्यासबत्त्या भाड्याने आणल्या, पूर्वी जत्रेत लावायचे तशा. निकेशला कळलं तेव्हा तो गॅरेजातून तसाच काळ्या हातांनी आला.

"आये, माजे दोस्त काय बोलतील? स्पीकर नाय तं हलद कसली?"

"तुजे बापाची हलद बत्तीत झाली," गुणाबाई म्हणाली. "तरी तू झालासच ना?"

काशीराम ओट्यावरून हसला. निकेश नाही हसला. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि माझी त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही. मी परत एकदा खाली गेले. "मावशी, असं करू नका, माझ्या जिवाला लागेल." तर मला म्हणाली, "तू तुजं काम कर. माजे घरात काय वाजवायचं ते माजी मी बघन."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बत्त्या फुरफुरत होत्या. पाहुणे यायला लागले तसे इकडेतिकडे बघायला लागले. गव्हाणहून गुणाबाईचे भाऊबंद आले. त्यांच्यातली एक म्हातारी, गोदू तिचं नाव, दारातच थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "काय गो, गुनाबायचे घरी हलद हाय का मयत?"

सगळा मांडव गुणाबाईकडे बघायला लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. गुणाबाईने हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं नाही.

"माजे घरी लेकीची परीक्षा हाय," ती म्हणाली. "आवाज नाय पायजे."

गोदूने इकडेतिकडे बघितलं. "कंची लेक? मालू?"

मालू तिथेच होती, मोऱ्याहून दोन दिवस आधीच आलेली. ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी कुठली? मना तं दुसरीतच काढली, गव्हाणला मिठाच्या पाट्या उचलायला." मग आईकडे बघून हळूच म्हणाली, "माजे शालेसाठी तू दिवा पन नाय लावलास कदी, आये."

मला वाटलं आता गुणाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती मालूजवळ गेली, बोटभर हळद घेतली आणि लेकीच्या गालाला लावली.

"तवा मना अक्कल नव्हती," ती म्हणाली. बस्स, एवढंच. मालूने मान खाली घातली आणि आईचा हात गालावर तसाच धरून ठेवला.

मग धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, पाटावर बसली. स्पीकर असता तर तिला कोणी विचारलंही नसतं, हल्ली तिला नुसतं मानापुरतं बोलावत. तिने गाणं धरलं. म्हाताऱ्या बायकांनी मागे सूर लावला, मग मालूने, मग खुद्द गोदूने. निकेश हळदीने माखून बसला होता. त्याचे ते दोस्त मागे खांबाला टेकून उभे होते, चेष्टा करायला आलेले, ते ऐकत राहिले. मी मागच्या दाराने परसात गेले. यंत्राची लेखणी कागदावरून सरळ, शांत चालली होती, जराही न थरथरता. गाणं मला आतपर्यंत ऐकू येत होतं. दिवे विझायची वेळ झाली, आणि दिवे विझले नाहीत. दसऱ्याला चालले होते तेवढेच चालले. मी तिथे एकटी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडले.

मे महिना संपायच्या आत प्रबंध गेला. सरांनी शेवटचा मसुदा वाचून एकच शब्द उच्चारला, "छान," आणि सरांच्या तोंडून तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला. मग परीक्षकांची वाट बघण्यात पावसाळा गेला, दसराही गेला. हिवाळ्यात एकदाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी दसऱ्याच्या आणि हळदीच्या त्याच दोन रेघांवर बोट ठेवलं. हा विसाव्याचा काळ तुम्ही कशावरून ठरवलात, असं विचारलं. मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"खंडेनवमी होती, सर," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ते गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून म्हणाले, "दुसऱ्यांदा मात्र तुम्ही केलंत, हे महत्त्वाचं." मी म्हटलं, दुसऱ्यांदाही मी एकटीने नाही केलं.

एसटीने परत आले तेव्हा दुपार कलली होती. गुणाबाई ओट्यावर सुकट निवडत होती, पहिल्या दिवशी बसली होती तशीच. शेजारी हेतल तिला मदत करत होती. मला चालत येताना पाहिलं तरी गुणाबाईने विचारलं काही नाही. गेले कित्येक महिने तिने विचारलंच नव्हतं. प्रबंध गेला तेव्हा नाही, निकाल लांबला तेव्हा नाही. मला वाटायचं, तिच्या पाठीमागे शंभर व्याप, ती विसरूनही गेली असेल.

"झालं, मावशी," मी म्हटलं.

"काय झालं?"

"पास झाले."

तिचे हात सुकटीत तसेच थांबले. मग निवडलेली सुकट तिने परत न निवडलेल्या ढिगात सोडली.

"गो बाय," ती म्हणाली, "माजा जीव हलदीपासनं टांगनीला लागलेला. इचारायची हिंमत नाय झाली. सगल्या मांडवाला बोलून बसले मी, लेकीची परीक्षा हाय. तू नापास झाली असतीस तं निकेशला काय सांगितलं असतं? त्याची हलद मुकी करून ठेवली मी." तिने मनगटाने डोळे पुसले. "नि मालूला काय सांगितलं असतं?"

मी परीक्षा देत होते असं मी समजत होते, आणि ही बाई माझ्याबरोबर, माझ्याहून जास्त पणाला लावून, वर्षभर गप्प बसली होती. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडले. तिने मला जरा वेळ रडू दिलं. जराच.

"पुरे आता," ती म्हणाली. "सुकट भिजंल." मग हेतलकडे वळून म्हणाली, "ऊठ. निकेशला बोल, आताच्या आता मोऱ्याला जा नि मालूला सांग. म्हनावं, आपली पास झाली."